आधी ट्रक ठरवा, मग पिशवी भरा

प्रश्न विचारणाऱ्या ताई कोथरूडला राहतात. वय ३४, आयटीत नोकरी. यंदा आईला घेऊन आळंदी ते पंढरपूर पूर्ण पायी जायचं ठरवलंय. आईचं वय ६१, रक्तदाबाची गोळी रोज चालू. दोघींचीही पहिलीच वारी. जायचं-यायचं कसं ठरवायचं आणि पुण्यात कुठून काय घ्यायचं, असं त्यांनी विचारलंय. सोबत २९ वस्तूंची यादी आहे: पाठीवरची पन्नास लिटरची सॅक, स्लीपिंग बॅग, फुगवायची गादी, चालायच्या दोन काठ्या, गॅसची छोटी शेगडी वगैरे.

ताई, ती यादी आठ दिवस बाजूला ठेवा. मी सतरा वर्षं चालतेय आणि त्यातली अकरा वर्षं आमच्या दिंडीत बायकांच्या राहुट्या आणि सामानाचा ट्रक बघतेय. या कामात एक गोष्ट पक्की कळली. तुमच्याजवळ काय असावं हे तुमचं ओझं कोण वाहणार यावर ठरतं. दिंडीचा ट्रक असेल तर खांद्यावर तीन किलोसुद्धा लागत नाहीत. दिंडीशिवाय, आपलं आपण चालायचं असेल तर सगळी खरेदीच बदलते. म्हणून पहिलं काम दिंडीचं, दुसरं परतीच्या गाडीचं, आणि दुकानात जायचं ते तिसऱ्या क्रमांकावर.

दिंडी शोधायला आता उशीर करू नका. शेजारीपाजारी, आईच्या भजनी मंडळात, माहेरच्या गावी विचारा. पुण्यात राहणाऱ्या बहुतेकांच्या मूळ गावाची किंवा शेजारच्या गावाची एखादी दिंडी असतेच. ओळख निघाली नाही तर एखाद्या एकादशीला आळंदीला जा. तिथल्या धर्मशाळांत दिंडीचालकांचे पत्ते मिळतात. दिंडीत नाव घालताना जी रक्कम भरतात तिला भिशी म्हणतात. त्यात दोन वेळचं जेवण, चहा-नाष्टा, राहुटी आणि सामानाची वाहतूक येते. रक्कम दिंडीगणिक वेगळी असते. पण भिशी किती, एवढंच विचारून फोन ठेवू नका. बायका किती आहेत आणि त्यांची राहुटी वेगळी आहे का? पाण्याचा टँकर दिंडीचा स्वतःचा आहे का? चालता आलं नाही तर त्या दिवसापुरतं माणसाला गाडीत बसवून पुढच्या तळावर नेतात का? आईच्या दृष्टीने हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. ‘बसवतो की, त्यात काय’ असं सहज उत्तर आलं तर ती दिंडी तुमच्या कामाची. आढेवेढे घेतले तर दुसरी बघा.

दिंडीचा क्रमांक आणि ती पालखीच्या रथापुढे चालते की रथामागे, हे दोघींनी पाठ करून ठेवा. गर्दीत तुमचा पत्ता तोच. चार कागदांवर लिहा: एक आईच्या बटव्यात, एक तुमच्याजवळ, एक ट्रकमधल्या पिशवीत, एक घरी. तळावर शेकडो राहुट्या असतात आणि संध्याकाळी मोबाईलचं नेटवर्क कोलमडतं. अशा वेळी कुणाही वारकऱ्याला ‘माऊली, रथामागं अमुक नंबर कुठं?’ विचारलं की हात धरून नेऊन पोचवतात.

आता रजेचं. ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला आणि पंढरपुरात प्रवेश आषाढ शुद्ध दशमीला, म्हणजे एकादशी धरून अठरा-एकोणीस दिवस. तिथी दरवर्षी सरकते. आषाढी २०२३ मध्ये २९ जूनला आली, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. याचा संबंध फक्त रजेच्या अर्जाशी नाही. एकादशी जूनअखेर असेल तर अर्धी वाट उन्हात जाते आणि जेजुरीच्या पुढचा माळ भाजून काढतो. जुलैच्या मध्यावर असेल तर सासवडपर्यंत बहुधा ओल्या पायांनीच चालायचं. खरेदी करण्याआधी पंचांग उघडा, असं मी म्हणते ते यासाठी.

आळंदीला जाण्यातला एक घोळ आधीच सांगून ठेवते, कारण बाहेरगावचे पाहुणे दरवर्षी त्यात सापडतात. पुणे–मिरज रेल्वेमार्गावर ‘आळंदी’ नावाचं स्टेशन आहे. ते म्हातोबाच्या आळंदीचं. देवाच्या आळंदीला रेल्वे जात नाही. तुमच्यासोबत गावाहून कुणी येणार असेल तर त्यांना पुणे स्टेशनला उतरायला सांगा. तिथून, महापालिकेपासून किंवा स्वारगेटहून पीएमपीच्या बस आहेत. प्रस्थानाच्या दिवशी वाहनं आळंदीच्या बऱ्याच अलीकडे थांबवतात, उरलेलं अंतर पायी जावं लागतं. प्रस्थान दुपारनंतर असतं आणि त्या रात्री पालखीचा मुक्काम आळंदीतच, आजोळघरी. तेव्हा सकाळीच पोचा किंवा आदल्या दिवशी जा. दुपारी दोनला कोथरूडहून निघालात तर प्रस्थान टीव्हीवरच बघावं लागेल.

दुसऱ्या दिवशी आळंदी ते पुणे. दिघी, विश्रांतवाडी, संगमवाडी करत पाटील इस्टेटपाशी पालखी शहरात येते. पुढे फर्ग्युसन रस्ता, लक्ष्मी रस्ता आणि भवानी पेठेतलं पालखी विठोबा मंदिर. तिथे दोन रात्री मुक्काम. तुकोबांची पालखी तेव्हाच नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी असते. हे दोन दिवस पुण्यात राहणाऱ्यांना मिळालेली मोठी सवलत आहे आणि फार थोडे तिचा नीट उपयोग करतात. त्या दिवशी आईचे पाय थकले असतील तर शिवाजीनगरला रांगेतून बाजूला व्हा, मेट्रोत बसा, जिल्हा न्यायालय (पूर्वीचं सिव्हिल कोर्ट) स्टेशनला गाडी बदला आणि वनाजच्या दिशेने घरी जा. रस्ते बंद असले तरी मेट्रो चालू असते. घरी जाऊन पायांची तपासणी करा. चप्पल कुठे लागली, मांड्या कुठे घासल्या, पिशवीतलं काय दिवसभर उघडलंच नाही, काय नव्हतं म्हणून अडलं? वीसेक किलोमीटर चालून झालेत, आता तुमच्याजवळ स्वतःची माहिती आहे. दुसरा, ज्येष्ठ वद्य दशमीचा, अख्खा दिवस हातात आहे आणि दुकानं दारात आहेत. माझं तर म्हणणं, खरेदीतली निम्मी रक्कम या दिवसासाठी राखून ठेवा. सातारा-सोलापूर, मराठवाड्याकडून आलेल्या माऊलींना ही संधी नाही. त्यांना जे आणलं त्यावरच पंढरपूर गाठायचं असतं.

दशमीच्या संध्याकाळी मोठी पिशवी दिंडीच्या ट्रकवर पोचती करा आणि शक्य असेल तर ती रात्र दिंडीतच झोपा. शाळेच्या वर्गात, वाड्याच्या ओसरीवर, जिथे आपल्या दिंडीची उतरायची सोय असेल तिथे. कारण पुढचा दिवस सगळ्यात लांबीचा आणि पालखी उजाडता-उजाडता निघते. पहिली मेट्रो सहाला, ती उपयोगाची नाही. घरूनच यायचं असेल तर पहाटे चारच्या आत रिक्षा करून पूल गेटच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा. हडपसरला सावध राहा. तिथे दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे, माऊलींची सासवड रस्त्याने दिवे घाटाकडे. नव्याने आलेल्या बायका टाळाच्या नादात दुसऱ्या रांगेबरोबर दोन-दोन किलोमीटर गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

पुणे ते सासवड हा टप्पा तीसेक किलोमीटरचा, आणि शेवटी वडकीनंतर घाटाची चढण. त्यात बहुतेक वर्षी त्या दिवशी एकादशी, म्हणजे उपवास. रिकाम्या पोटी, चहावर, हा घाट चढायला जाऊ नका. आईला तर मुळीच जाऊ देऊ नका. खजूर, राजगिऱ्याची वडी, भाजलेले शेंगदाणे, केळी दोघींच्या झोळीत वेगवेगळी ठेवा. घाम जातो तसं मीठही जातं. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थोडं थोडं घ्यायचं. अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात टाकून पिणं चुकीचं. पण रक्तदाब असलेल्या माणसाने मीठ किती घ्यावं आणि चालण्याच्या दिवसांत गोळीची मात्रा तीच ठेवावी का, हे तुमच्या डॉक्टरांना निघण्याआधी महिनाभर विचारा. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. बायका वाटेत अडचण नको म्हणून पाणीच कमी पितात. दोन्ही एकत्र आलं की घाटात चक्कर ठरलेली. घाट त्या दिवशी वाहनांना बंद असतो, घरच्यांची गाडी तिथे येऊ शकत नाही. रुग्णवाहिका आणि वैद्यकीय पथकं वाटेवर असतात. १०८ लक्षात ठेवा.

मधूनच घरी परतायची वेळ आली तर काय, हेही आत्ताच ठरवा. नंतर घाबरेपणात ठरवायला नको. सासवडहून पुण्याला पीएमपी आणि एसटी दोन्ही. जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही चारही पुणे–मिरज मार्गावरची स्टेशनं, पॅसेंजर गाडीने घरी येता येतं. फलटणला एसटीचं आगार आहे. नातेपुते, माळशिरस, वेळापूर या पट्ट्यात अकलूज जवळ, तिथून पुण्याच्या गाड्या मिळतात. पालखी गावात असते त्या दिवशी एसटी वळवलेली असते. म्हणून पालखी पुढे सरकल्यावर, दुपारनंतर, गाडी धरायची. आणि मध्येच परतावं लागलं तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आमच्या दिंडीत एक आजी तीन वर्षं फक्त लोणंदपर्यंत आल्या, चौथ्या वर्षी पंढरपूरला पोचल्या.

आता खरेदी.

पायातलं सगळ्यात आधी, आणि निघण्याआधी किमान सहा आठवडे. संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात. नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठं घ्या. मी स्वतः मागे पट्टा असलेल्या, जाड पण लवचीक तळाच्या सँडलवर चालते. पाण्यात भिजली की तासाभरात वाळते, चिखल धुता येतो. बुटात पाणी शिरलं की ते पुढच्या मुक्कामापर्यंत आत राहतं आणि बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोलतात. ऊन तापलेलं असेल तर मात्र बूट बरा. नव्या पालखी महामार्गावर सिमेंटचा रस्ता आहे आणि रुंदीकरणात जुनी झाडं गेल्यामुळे सावलीही विरळ झालीय. दुपारी खालून झळ लागते. त्यामुळे एक सँडल, एक बूट, दोन्ही जुने करून घेतलेले. एक पायात, एक ट्रकमध्ये. साधी रबरी स्लीपर तळावर वापरायला हवीच, पण तिच्यावर चालायला जाऊ नका. अंगठ्याच्या बेचकीत फोड येतोच. आईंना त्यांची रोजची चप्पल प्रिय असेल, ‘मला हीच बरी’ म्हणतील. भांडू नका. त्याच चपलेत त्यांना एकदा पर्वती ते कात्रज आणि परत चालवून आणा, मग त्या स्वतःच दुकानात येतील.

मोजे पूर्ण सुती नकोत, ते ओले राहतात. मिश्र धाग्याचे, पातळ, चार जोड. चालायला लागण्यापूर्वी टाचेला आणि बोटांना व्हॅसलीन. जिथे चुरचुरायला लागलं तिथे फोड यायच्या आत कागदी पट्टी लावायची, थांबून, लगेच. ‘विसाव्याला बघू’ म्हटलं की विसाव्याला फोड बघावा लागतो. फोड आलाच तर वरची कातडी काढू नका. फोडातून दोरा ओवून ठेवायची जुनी पद्धत तुम्हाला प्रेमाने कुणीतरी सुचवेल. मी ती करू देत नाही. त्या दोऱ्यावाटे चिखलपाणी आत जातं. वाटेत जागोजागी मोफत औषधोपचाराची पथकं असतात, तिथे दाखवा. मधुमेह असेल तर फोड घरगुती उपायांवर अजिबात सोडू नये. नखं निघण्याआधी तीन-चार दिवस सरळ कापा, आदल्या रात्री नको.

कपड्यांत बायकांना कुणी सांगत नाही त्या दोन गोष्टी सांगते. साडी असो वा सलवार, आत गुडघ्यापर्यंतची ताणणारी घट्ट चड्डी घाला. ओल्या मांड्या एकमेकींवर घासून जे होतं त्याने पायाच्या फोडांपेक्षा जास्त बायका ट्रकमध्ये बसल्या आहेत. आणि परकराची नाडी काढून टाका, तिथे रुंद इलॅस्टिक घाला. भिजलेली नाडी दिवसभरात कमरेला चर पाडते. दोन्ही कामं आपल्या पेठेतला कुठलाही शिलाईवाला अर्ध्या तासात करून देतो. साडी सहावारी, हलकी, मिश्र धाग्याची. जाड सुती नऊवारी दिसायला देखणी, पण भिजली की अंगावर मणभर होते आणि दोन दिवस वाळत नाही. तीन जोड पुरतात: एक अंगावर, एक ट्रकमध्ये, एक झोळीत. झोळीतला जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून.

झोळीत कोरडा जोड का, ते सांगते. एका वर्षी वाल्ह्याच्या मुक्कामाला दुपारपासून पाऊस कोसळला. आमचा ट्रक मागे चिखलात रुतला. आम्ही चारला तळावर पोचलो आणि राहुट्या उभ्या राहिल्या रात्री दहाला. सहा तास दीडशे माणसं ओल्या कपड्यांत, गावातल्या एका गोठ्याच्या आणि दोन घरांच्या पडवीत. गावकऱ्यांनी चूल पेटवून चहा दिला म्हणून निभावलं. त्या रात्री एका मावशींची रक्तदाबाची गोळी ट्रकमधल्या पिशवीत होती. नऊच्या सुमाराला त्यांचं डोकं इतकं दुखायला लागलं की मी पुरती घाबरून गेले. वैद्यकीय पथकाच्या गाडीपर्यंत दोघांनी त्यांना उचलून नेलं. वाचल्या, पुढे पंढरपूरलाही आल्या. तेव्हापासून आमच्या दिंडीत नियम आहे: औषध तीन जागी. दोन दिवसांचं अंगावर कमरेच्या पिशवीत, चार दिवसांचं झोळीत, बाकीचं ट्रकमध्ये. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत प्रत्येक जागी. तुम्ही आईंसाठी दुसरं काहीही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

पावसासाठी रेनकोट, छत्री की कागद, हा वाद दरवर्षी होतो. दिंडीच्या रांगेत छत्री चालत नाही, तिच्या काड्या पुढच्याच्या डोळ्यात जातात आणि टाळ वाजवायला हात मोकळा राहत नाही. शिवाय लोणंदच्या पुढे उघड्यावर वारं असं येतं की तीन घड्यांची छत्री उलटी होते. विसाव्याला उन्हात बसायला मात्र छत्री लागते, म्हणून दोघींत एक पुरे, साधी लांब दांड्याची. अंगावर घ्यायला प्लॅस्टिकचा कागद. रविवार पेठेत बोहरी आळीत मीटरवर मिळतो. मध्यम जाडीचा, माणशी दोन-अडीच मीटर. डोक्यावरून खोळीसारखा घेतला की पाठीवरची झोळीही झाकते. विसाव्याला खाली अंथरायचा, रात्री वळकटीखाली घालायचा. महागड्या रेनकोटात चालताना आतून घामाने तितकंच भिजायला होतं. तरी ऑफिसच्या ये-जा करण्याचा चांगला रेनकोट घरी असेल तर आणा, नवा घेऊ नका.

झोपायला वळकटी. एक सतरंजी, एक चादर, एक पातळ शाल, हवेची उशी. सगळं कागदात गुंडाळून दोरीने बांधायचं. स्लीपिंग बॅग नको असं माझं ठाम मत आहे. आषाढात राहुटीत वीस जणी शेजारी शेजारी झोपलेल्या असतात, तिच्यात घामाने जीव नकोसा होतो. आणि एकदा ती ओली झाली की पंढरपूरपर्यंत वाळत नाही. फुगवायची गादीही नको. राहुटीत माणशी जेवढी जागा येते त्यात ती मावत नाही, आणि तुमच्या शेजारणीला सरकून झोपावं लागेल. काठी आईसाठी एकच घ्या, दिवे घाटात आणि चिखलात उपयोगी पडते. शेगडी अजिबात नको, राहुटीत ज्वाला पेटवणं जिवावरचं आहे. सॅकचे पैसे वाचवा. ट्रकमध्ये जाणारी पिशवी मऊ, कडेला कडक चाकं-दांडे नसलेली हवी, कारण तिच्यावर आणखी तीस पिशव्या पडणार. निळ्या आणि काळ्या पिशव्या ट्रकमध्ये डझनावारी असतात. अंधारात ओळखू यावी म्हणून भडक रंगाच्या जुन्या साडीची पट्टी मुठीला बांधा आणि नाव, दिंडी क्रमांक, फोन रंगाने लिहा, कागद चिकटवू नका.

रोजची झोळी पाठीवर बसणारी, छोटी. तीन किलोच्या वर गेली की काहीतरी काढा. पाणी एक लिटर, खाऊ, औषध, कागद, कोरडा जोड, छोटा पंचा, पट्टी-व्हॅसलीन, विजेरी. विजेरी डोक्याला बांधायची असेल तर उत्तम. पहाटे तीनला अंघोळीला आणि शौचाला जाताना एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात साडीचा घोळ, मग विजेरी धरणार कशात? फिरती शौचालयं आता बहुतेक तळांवर असतात. पहाटे रांग लागायच्या आत उठणं हीच युक्ती. पाणी टँकरचंच प्या, विहिरीचं नको. शंका आली तर क्लोरिनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. स्टीलचं ताट, वाटी, पेला आणि तांब्या घरातलाच, तळाला नाव कोरून. तुळशीबागेत, मंडईत कोरून देतात. टाळ आणि तुळशीची माळ आळंदीतच घ्या. माळ घालून घ्यायची असेल तर ती श्रद्धेची गोष्ट, आधी घरात बोला. त्यासोबत काही नेम पाळायचे असतात.

दागिने घरी. आईंचं मंगळसूत्रही दोऱ्यात ओवलेल्या काळ्या मण्यांचं करा. एवढ्या गर्दीत हात मारणारेही असतात. रोख रक्कम छोट्या नोटांत आणि दोघींकडे विभागून ठेवा, कारण नेटवर्क नसताना मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत. साधा बटणांचा फोन मिळाला तर आणा, एकदा चार्ज केला की चार दिवस चालतो. आधारची प्रत जवळ असू द्या.

सराव दुकानापेक्षा मोठा. आठवड्यातून चार दिवस तासभर आणि रविवारी लांब. निघण्याआधी महिनाभर, जी एकादशी येईल त्या दिवशी पहाटे शनिवारवाड्यापासून आळंदीला चालत जा. वीसेक किलोमीटर होतात. तीच चप्पल, तीच झोळी, तोच आतला कपडा. येताना पीएमपीने या. त्या एका दिवसात तुमच्या यादीतल्या २९ वस्तूंपैकी किती खऱ्या आणि किती पुस्तकी, ते कळेल.

परतीचं आरक्षण दिंडीत नाव घातलं त्याच आठवड्यात डोक्यात पक्कं करा. एकादशीच्या दिवशी रात्री निघायचं की द्वादशीला पारणं सोडून, हे ठरवा. पदस्पर्श दर्शनाची रांग कित्येक तासांची असते. आईंना घेऊन त्यात उभं राहायचा आग्रह धरू नका. चंद्रभागेचं स्नान, नामदेव पायरी, कळसाचं दर्शन, प्रदक्षिणा, यावर वारी पूर्ण होते असंच आमच्या बायका मानतात आणि मीही मानते. पालखी स्वतः पौर्णिमेला गोपाळकाल्यानंतर परतीला लागते. द्वादशीची सकाळ मात्र गाड्यांसाठी सगळ्यात कठीण, लाखो माणसं एकदम निघतात. एसटी जादा गाड्या सोडते आणि जिल्हावार वेगवेगळी तात्पुरती यात्रा स्थानकं उभारते. पुण्याची गाडी कुठल्या स्थानकातून सुटते ते दशमीलाच विचारून, शक्य झालं तर जागा बघून या. बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, दोघींनाही लागू. रेल्वेने यायचं तर एसटीने कुर्डुवाडी गाठा, पंढरपूरपासून साधारण पन्नास किलोमीटर. पुणे–सोलापूर मार्गावरच्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, एकादशीची तारीख पंचांगात आधीच असते, तेव्हा पहिल्याच दिवशी कुर्डुवाडी–पुणे तिकीट काढून ठेवा. घरचं कुणी गाडी घेऊन येणार असेल तर त्यांना पंढरपुरात बोलावू नका. गाड्या गावाबाहेर दूर थांबवतात आणि दोघांची चुकामूक होते. टेंभुर्णीला, सोलापूर महामार्गावर थांबायला सांगा. तुम्ही एसटीने तिथवर या.

ट्रकमधली पिशवी एकादशीच्या आदल्या रात्रीच ताब्यात घ्या, कारण काही दिंड्यांचे ट्रक एकादशीलाच परत फिरतात. तिच्यात चुरमुरे, बत्तासे, बुक्का यांसाठी जागा ठेवा. सोसायटीतले सगळे प्रसादाची वाट बघत असतात. आणि एक कोरडा मोज्यांचा जोड व सैल चप्पल हाताशी असू द्या. एसटीत पाय लोंबते ठेवून पाच-सहा तास बसलं की घोटे सुजतात, चालताना सुजले नव्हते इतके. आईंना खिडकीची जागा द्या, इंदापूरला गाडी थांबली की खाली उतरवून दहा मिनिटं फिरवा, आणि घरी पोचल्यावर त्यांचा रक्तदाब तपासून घ्या.